पच्चन्तिम जनपदातील विद्यार्थी : पालि भाषेचे दूरशिक्षण परिणामकारक कसे होईल?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीबरोबरच पालि भाषेलाही अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. या निर्णयाने पालीच्या अध्ययनाकडे अनेकांचे लक्ष नव्याने वेधले गेले. परंतु पालि शिकण्याची इच्छा आणि पालि शिकण्याची सोय यांमध्ये आजही मोठे अंतर आहे. महाराष्ट्रातील पालीचे अध्यापन प्रामुख्याने मोठ्या शहरांतून चालते. जो समाज त्रिशरण-पंचशील नित्य म्हणतो तो मात्र तालुक्याच्या गावी, वाडी-वस्तीवर, औद्योगिक वसाहतींत, तसेच महाराष्ट्राबाहेर व परदेशांतही विखुरलेला आहे. त्याच्यापर्यंत पालि न्यावयाची तर दूरशिक्षणावाचून गत्यंतर नाही. हे शिक्षण परिणामकारक कसे करावे, आणि आरंभी उत्साहाने आलेला विद्यार्थी शेवटच्या पाठापर्यंत कसा टिकावा, हा खरा प्रश्न होय. प्रस्तुत लेखात त्याचा विचार आम्ही पालि वाङ्मयातील काही दाखले आणि अध्यापनाचा अनुभव यांच्या आधारे करणार आहोत.

आमचे प्रतिपादन थोडक्यात असे : शिक्षकाचा आवाज विद्यार्थ्यापर्यंत पोहोचविणे हे दूरशिक्षणाचे अर्धे आणि त्यातल्या त्यात सोपे काम होय. विद्यार्थ्याचा आवाज शिक्षकापर्यंत परत येणे, तो लक्षपूर्वक ऐकला जाणे आणि त्याला उत्तर मिळणे हे उरलेले अर्धे काम. दूरशिक्षण जेथे फसते तेथे बहुधा हेच काम राहून गेलेले असते.

‘दूर’ या शब्दाचा आपला अनुभव

‘दूरस्थ विद्यार्थी’ ही संज्ञा आज शैक्षणिक परिभाषेत रूढ झाली आहे. परंतु आपल्या समाजाच्या दृष्टीने तिला एक निराळा आणि कटू अर्थ आहे. बालपणी भीमराव आंबेडकरांना वर्गात एका कोपऱ्यात, स्वतः घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. पुढे माध्यमिक शाळेत संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही त्यांना ते शिकविले गेले नाही व त्याऐवजी फारसी घ्यावी लागली. एकाच छपराखाली, एकाच शिक्षकासमोर असूनही हा विद्यार्थी दूर ठेवला गेला होता. शिक्षकाचा आवाज त्याला ऐकू येत होता. त्याचा आवाज ऐकण्याची मात्र त्या वर्गाची तयारी नव्हती. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. शिक्षणातील अंतर केवळ कोसांनी किंवा किलोमीटरांनी मोजता येत नाही. समीप बसलेला विद्यार्थीही दूर असू शकतो, आणि योग्य योजना केल्यास दूर असलेला विद्यार्थीही समीप येऊ शकतो.

बाबासाहेबांनी पुढे स्वप्रयत्नाने पालीचा अभ्यास केला. त्यांनी सिद्ध केलेली पालि व्याकरण व पालि शब्दकोश यांची हस्तलिखिते महाराष्ट्र शासनाने १९९८ मध्ये त्यांच्या लेखन व भाषणांच्या १६ व्या खंडात प्रकाशित केली. ज्या विद्यार्थ्याला एक प्राचीन भाषा नाकारण्यात आली त्याने दुसऱ्या प्राचीन भाषेचा कोश इतरांसाठी तयार करावा, ही घटना पालीच्या प्रत्येक दूरस्थ विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९४५ मध्ये बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. विद्यार्थ्याच्या जीवनक्रमाकडे पाहून शिक्षणाची वेळ ठरवावयाची, हे दूरशिक्षणाचे मूलतत्त्व त्यात आधीच होते.

भारतात पत्रद्वारा शिक्षणाचा विद्यापीठीय आरंभ दिल्ली विद्यापीठात १९६२ मध्ये झाला. पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये हैदराबाद येथे निघाले व आज ते डॉ. बाबासाहेबांच्याच नावाने ओळखले जाते. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ अस्तित्वात आले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि तोवर काहींपुरते असलेले दूरशिक्षण एकाएकी सर्वांचे झाले. त्या काळात ज्या घरी एकच भ्रमणध्वनी होता, किंवा ज्या गावी संपर्कयंत्रणा पोहोचत नव्हती, तेथील मुले पुन्हा एकदा वर्गाबाहेर राहिली. जुने गोणपाट गेले आणि त्याच्या जागी नवे अंतर आले, असे होऊ द्यावयाचे नसेल तर दूरशिक्षणाची पद्धती विचारपूर्वक ठरविली पाहिजे.

सोण कुटिकण्णाचा दाखला

या विषयावर विनयपिटकाच्या महावग्गातील सोण कुटिकण्णाची हकीकत अत्यंत उद्बोधक आहे. सोण हा अवंती जनपदातील उपासक. भगवान बुद्धांचा संचार मुख्यतः मध्यदेशात असे. अवंती हा त्या मानाने दूरचा, पच्चन्तिम म्हणजे सीमेवरील प्रदेश. सोणाचे आचार्य महाकच्चान तेथे राहत होते. सोणाने प्रव्रज्या मागितली तेव्हा महाकच्चानांनी हा मार्ग खडतर असल्याचे सांगून त्याला दोनदा परावृत्त केले आणि तिसऱ्या वेळी प्रव्रज्या दिली. उपसंपदेसाठी मात्र दहा भिक्खूंचा संघ आवश्यक होता. अवंतीत भिक्खू इतके थोडे होते की दहा जण एकत्र येण्यास तीन वर्षे लागली.

उपसंपदेनंतर पहिला वर्षावास संपल्यावर सोण श्रावस्तीस जेतवनात गेला. भगवंतांना त्याने तोवर पाहिलेले नव्हते. रात्री त्याची व्यवस्था भगवंतांच्याच निवासस्थानी करण्यात आली. पहाटे भगवंतांनी त्याला धम्म म्हणून दाखविण्यास सांगितले. सोणाने सुत्तनिपातातील संपूर्ण अट्ठकवग्ग, म्हणजे सोळा सुत्ते, स्पष्ट स्वरात म्हटली. त्याने ती चांगली ग्रहण केली, चांगली ध्यानात ठेवली, आणि त्याची वाणी स्पष्ट व अर्थ व्यक्त करणारी आहे, अशी भगवंतांनी प्रशंसा केली. नंतर उपसंपदेस एवढा विलंब का लागला याची त्यांनी चौकशी केली आणि महाकच्चानांनी सोणाबरोबर पाठविलेल्या पाच विनंत्या मान्य केल्या. सीमाप्रदेशात विनयधरासह पाच भिक्खूंच्या संघाने उपसंपदा देता येईल, असे ठरले. अवंतीची भूमी काळी, खडबडीत व जनावरांच्या खुरांनी उखणलेली असल्याने तेथे अनेक पदरी तळव्यांची पादत्राणे वापरण्याची अनुमती मिळाली. स्नान, चर्माची आस्तरणे आणि चीवर यांविषयीच्या नियमांतही प्रदेशानुरूप सवलत दिली गेली.

या प्रसंगात दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात. दूरच्या प्रदेशातील व्यक्तीसाठी गणसंख्या, पादत्राणे, स्नान अशा बाह्य व्यवस्थेचे नियम भगवंतांनी शिथिल केले. पाठांतराची शुद्धता आणि अर्थाची स्पष्टता यांत मात्र कोणतीही सूट दिल्याचे दिसत नाही. उलट सोणाची प्रशंसा झाली ती नेमकी या गुणांसाठी. आमच्या मते दूरशिक्षणाचे धोरण याच दोन गोष्टींत सामावलेले आहे. वेळ, साधन, उपस्थिती, शुल्क यांत विद्यार्थ्याला हवी तितकी सवलत द्यावी. विषयाच्या ज्ञानात देऊ नये. आज अनेकदा याच्या उलट घडते. उपस्थितीची नोंद काटेकोर ठेवली जाते आणि परीक्षेत मात्र वाट्टेल ते उत्तर चालते.

याच्या जोडीला मज्झिमनिकायाच्या अट्ठकथेतील पुक्कुसातीची कथा पाहता येईल. तक्षशिलेच्या या राजाला बिंबिसाराने सुवर्णपट्टावर धम्माचा आशय लिहून पाठविला आणि तो वाचून पुक्कुसाती गृहत्याग करून निघाला, असे अट्ठकथाकार सांगतात. अट्ठकथा उत्तरकालीन असल्याने हा इतिहास म्हणून स्वीकारण्याचे कारण नाही. तथापि पत्राने धम्म पोहोचू शकतो ही कल्पना परंपरेला अपरिचित नव्हती, एवढे त्यावरून निश्चित होते. मूळ धातुविभंग सुत्तात हा पुक्कुसाती राजगृहात एका कुंभाराच्या घरी उतरलेला दिसतो. ज्यांच्या नावे आपण प्रव्रजित झालो ते भगवंतच समोर बसले आहेत हे त्याला ठाऊक नसते. भगवंत त्याला उपदेश करतात आणि उपदेशावरून तो त्यांना ओळखतो. लिखित पाठाने ओढ निर्माण होते. समजुतीची पूर्णता मात्र संवादात होते.

चंकी सुत्तातील पायऱ्या

शिकण्याची क्रिया म्हणजे काय, याचे सूक्ष्म विश्लेषण मज्झिमनिकायातील चंकी सुत्तात आहे. आंधळ्यांच्या रांगेप्रमाणे परंपरा पुढे चालविण्यावर ज्या सुत्तात कठोर टीका आहे, त्याच सुत्तात सत्याचा बोध होण्याच्या पायऱ्याही सांगितल्या आहेत, हे लक्षणीय होय. त्यांचा क्रम असा : परीक्षा करून निर्माण झालेली श्रद्धा, गुरूकडे जाणे, समीप बसणे, कान देणे, धम्म ऐकणे, तो धारण करणे, अर्थ तपासणे, तपासून तो मनास पटणे, छंद म्हणजे इच्छा उत्पन्न होणे, उत्साह, तुलना आणि शेवटी प्रयत्न.

या क्रमात ‘कान देणे’ आणि ‘ऐकणे’ या दोन निरनिराळ्या पायऱ्या मानलेल्या आहेत. ध्वनिमुद्रित व्याख्यान सुरू असते, विद्यार्थ्याचे नाव पडद्यावर दिसते, आवाजही कानावर पडत असतो. परंतु कान दिलेला असतोच असे नाही. दुसरी गोष्ट अशी की बारा पायऱ्यांपैकी ऐकणे ही पाचवी आहे. तिच्यानंतर आणखी सात पायऱ्या आहेत. एका तासाचे व्याख्यान पाठवून दिले म्हणजे शिकविणे पूर्ण झाले असे मानणारा शिक्षक विद्यार्थ्याला अर्ध्या वाटेवर सोडून जातो. तिसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. येथे इच्छा आणि उत्साह अर्थ पटल्यानंतर येतात. विद्यार्थ्याची गोडी कशी टिकवावी, या प्रश्नाचे उत्तर रंगीत चित्रे आणि मनोरंजक खेळ यांत शोधले जाते. त्यांना आमचा विरोध नाही. परंतु या सुत्ताप्रमाणे खरी गोडी समजल्यावर लागते. विद्यार्थ्याला प्रत्येक पाठात काहीतरी निश्चितपणे उलगडले पाहिजे. तेवढे झाले की पुढील पाठाची तो स्वतःहून वाट पाहतो.

ज्ञाताकडून अज्ञाताकडे

पालीच्या बाबतीत आपल्या विद्यार्थ्याजवळ एक मोठे भांडवल आधीच असते. लहानपणापासून त्याने त्रिशरण व पंचशील असंख्य वेळा म्हटलेले असते. तो पालि जाणत नाही, पण पालि त्याच्या जिभेवर आहे. असे असता पहिल्याच पाठात ‘बुद्ध’ शब्दाच्या सर्व विभक्तींचा तक्ता त्याच्यापुढे मांडणे म्हणजे त्याचे भांडवल बाजूला सारून त्याला कर्ज काढावयास लावण्यासारखे आहे. आम्ही आरंभ नेहमी वंदनेपासून करतो.

उदाहरणार्थ, पंचशीलातील ‘पाणातिपाता’, ‘अदिन्नादाना’, ‘मुसावादा’ ही पदे घ्यावीत. विद्यार्थी बहुधा त्यांना आकारान्त नामे समजतो. वस्तुतः ही अकारान्त शब्दांची पंचमी विभक्तीची एकवचनी रूपे आहेत : ‘प्राणघातापासून’, ‘न दिलेले घेण्यापासून’, ‘खोटे बोलण्यापासून’. ‘वेरमणी’ म्हणजे विरती. कशापासून विरती, हे सांगण्यासाठी पंचमी आवश्यक आहे. पाचही शीलांत हीच विभक्ती येते. एवढे एक सूत्र सांगितले की वर्षानुवर्षे म्हटलेली पाच वाक्ये एकाच वेळी उलगडतात. त्याचप्रमाणे ‘गच्छामि’ व ‘समादियामि’ यांतील ‘मि’ हा प्रत्यय ‘मी’ दर्शवितो, हे कळताच विद्यार्थ्याला उमगते की शरण जाणारा आणि शील ग्रहण करणारा तो स्वतः आहे. त्याच्या वतीने दुसरे कोणी हे बोलत नाही. ‘दुतियम्पि’ हे ‘दुतियं’ आणि ‘पि’ यांचा संधी आहे, हे सांगताना निग्गहिताचा ‘म्’ कसा होतो हेही शिकवून होते. व्याकरणाचा पाठ आणि धम्माचा पाठ येथे वेगळे राहत नाहीत.

प्रत्येक पाठ एका बैठकीत पुरा होईल एवढाच असावा. त्यात व्याकरणाचा एकच नवा नियम, मोजके नवे शब्द, चार-पाच ओळींचे वाचन आणि एक लहानसे काम असावे. घरकाम, शेतकाम किंवा कारखान्यातील पाळी आटोपून अभ्यासाला बसणाऱ्या व्यक्तीला दहा पानांचा पाठ पाहूनच थकवा येतो. अर्धवट राहिलेले तीन पाठ साचले की संकोच वाटू लागतो आणि विद्यार्थी गळतो. गळणारा विद्यार्थी सहसा कारण सांगत नाही. म्हणून दोन पाठांचे उत्तर आले नाही तर शिक्षकाने स्वतःहून विचारपूस करावी, आणि मागे राहिलेल्याला कोणत्या पाठापासून पुन्हा सुरुवात करता येईल हे स्पष्ट सांगावे.

विद्यार्थ्याचा आवाज

पालि ही मुखपरंपरेने जतन झालेली भाषा होय. तिचे उच्चार केवळ छापील पाठाने शिकविता येत नाहीत. मराठी भाषकांना देवनागरी लिपीमुळे पालि वाचणे सोपे जाते. परंतु त्याच लिपीमुळे काही चुका दडून राहतात. मराठीत ‘च’, ‘ज’, ‘झ’ यांचे दोन-दोन उच्चार आहेत व ते एकाच अक्षराने लिहिले जातात. पालीतील ‘चक्क’ हा शब्द मराठी विद्यार्थी आपल्या ‘चक्क’प्रमाणे, ‘जरा’ हा आपल्या ‘जरा’प्रमाणे, तर ‘झान’ हा ‘झाड’ या शब्दातील ‘झ’प्रमाणे उच्चारतो. पालीत हे वर्ण तालव्य आहेत. ‘चंद्र’, ‘जीवन’, ‘झेंडा’ या मराठी शब्दांत ते जसे येतात तसे. ‘पञ्ञा’ या शब्दाचे ‘पन्ना’ होते. शब्दाच्या शेवटचा ‘अ’ मराठीच्या सवयीने गाळला जातो. या चुका लेखी उत्तरपत्रिकेत कधीच दिसत नाहीत. विद्यार्थी शंभरपैकी शंभर गुण मिळवील आणि उच्चार मात्र जन्मभर चुकीचा राहील.

यावर उपाय साधा आहे. प्रत्येक पाठानंतर विद्यार्थ्याने चार-पाच ओळी स्वतःच्या आवाजात म्हणून त्याचे ध्वनिमुद्रण व्हॉट्सॲपवरून पाठवावे आणि शिक्षकाने ते ऐकून आपल्या आवाजात दुरुस्ती परत पाठवावी. चित्रफितीपेक्षा ध्वनिमुद्रणास फारच थोडा डेटा लागतो, साधा भ्रमणध्वनी पुरतो आणि वेळेचे बंधन राहत नाही. रात्री अकरा वाजता पाठविलेला पाठ शिक्षक सकाळी ऐकू शकतो.

येथे एका नाजूक गोष्टीचा उल्लेख आवश्यक वाटतो. वऱ्हाडात व खानदेशात ‘ळ’चा उच्चार अनेकदा ‘य’ असा होतो. अनेक बोलींत ‘ण’ऐवजी ‘न’ येतो. आपल्या लोकांच्या ‘न’ आणि ‘ण’वरून शाळा-कचेऱ्यांत किती उपहास झाला, हे वाचकांना सांगावयास नको. त्यामुळे उच्चार सुधारण्याचा प्रश्न आला की विद्यार्थी मनाने आक्रसून जातो. पालीत हा भेद पाळावा लागतो, कारण तो अर्थाचा भेद आहे. ‘पाण’ म्हणजे प्राणी आणि ‘पान’ म्हणजे पेय. पहिल्या शीलात ‘ण’चा ‘न’ केला तर अर्थच बदलतो. हे कारण सांगून केलेली दुरुस्ती विद्यार्थी आनंदाने स्वीकारतो. शिवाय चुल्लवग्गात भगवंतांनी बुद्धवचन छंदस् भाषेत बांधण्याची विनंती नाकारली व ते ‘सकाय निरुत्तिया’ शिकण्याची अनुज्ञा दिली, याचेही स्मरण ठेवावे. या शब्दप्रयोगाचा अर्थ बुद्धघोषाचार्यांनी ‘बुद्धांची भाषा’ असा केला असून अनेक आधुनिक अभ्यासक ‘ज्याची त्याची बोली’ असा करतात. अर्थ कोणताही घेतला तरी प्रतिष्ठेच्या भाषेला तेथे नकार आहे, हे निर्विवाद होय. विद्यार्थ्याच्या बोलीला अशुद्ध म्हणण्याचा अधिकार पालीच्या शिक्षकाला पोहोचत नाही. या बाबतीत दूरशिक्षण वर्गापेक्षा सरस ठरते. दुरुस्ती चारचौघांत होत नाही; ती एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत जाते.

सज्झाय आणि ‘पे’

धारण करण्यासाठी आवृत्ती हवी. पालि वाङ्मयाने यासाठी स्वतःच सोय करून ठेवली आहे. अंगुत्तरनिकायाची रचना एकापासून अकरापर्यंतच्या संख्यांनी केलेली आहे. दीघनिकायातील संगीति सुत्तात सारिपुत्त एकापासून दहापर्यंतच्या संख्याक्रमाने धम्माच्या याद्या सांगतात, त्या सर्वांनी एकत्र म्हणाव्यात म्हणून. चार आर्यसत्ये, पाच स्कंध, सात बोज्झंग, अष्टांगिक मार्ग यांच्या याद्या न पाहता लिहून किंवा म्हणून दाखविणे हा दूरस्थ विद्यार्थ्यासाठी उत्तम स्वाध्याय होय. भिक्खुसंघात पातिमोक्खाचे पठण दर पंधरवड्याला होते. तेच अंतर उजळणीस घ्यावे. दर पौर्णिमेला व अमावास्येला नवा पाठ देऊ नये. झालेल्या सर्व पाठांची आवृत्ती करावी.

आणखी एक स्वाध्याय आम्ही विशेष उपयुक्त मानतो. सुत्तांच्या छापील प्रतींत पुनरुक्तीच्या जागी ‘पे’ असे लिहून मजकूर गाळलेला असतो. विद्यार्थी ते पाहून पुढे जातो. त्याला गाळलेला मजकूर पूर्ण लिहावयास सांगावे. रूपाच्या जागी वेदना, वेदनेच्या जागी सञ्ञा घालताना लिंग, वचन व विभक्ती बदलावी लागते. सारे व्याकरण त्यात कसास लागते. हे उत्तर नकलून देता येत नाही, आणि चूक कोठे झाली हे विद्यार्थ्याला स्वतःलाही ताडून पाहता येते. भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादकत्वाखाली नालंदा येथून निघालेले देवनागरी तिपिटक आणि इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने संगणकावर उपलब्ध केलेली छट्ठ संगायन आवृत्ती यांमुळे मूळ पाठ आता घरबसल्या पाहता येतो. फक्त लेखनपद्धतीतील भेद आधी सांगून ठेवावा. छट्ठ संगायन पाठात ‘सङ्घ’, ‘पञ्च’ असे लिहिलेले आहे. ‘संघ’, ‘पंच’ असे टाकून शोध घेतल्यास ते सापडणार नाही व विद्यार्थी विनाकारण निराश होईल.

शिक्षकाची पाच कर्तव्ये

सिगालोवाद सुत्तात आचार्याची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : शिष्याला चांगले वळण लावणे, जे शिकवावयाचे ते नीट ग्रहण करविणे, विद्या राखून न ठेवता सांगणे, मित्र-सहकाऱ्यांत त्याच्याविषयी चांगले बोलणे आणि सर्व दिशांना त्याचे रक्षण करणे. यातील दुसऱ्या कर्तव्याची शब्दरचना विचार करण्याजोगी आहे. तेथे ‘गाहापेन्ति’ असे प्रयोजक क्रियापद आहे : आचार्य ग्रहण करवितो. सांगितले एवढ्याने कर्तव्य संपत नाही. घेतले गेले की नाही हे पाहण्याची जबाबदारी शिक्षकावर आहे. दूरशिक्षणात हे पाहण्याचे साधन म्हणजे विद्यार्थ्याचे उत्तर आणि त्यावरील शिक्षकाचा शेरा. ‘छान’ किंवा ‘ठीक’ एवढा शेरा पुरेसा नाही. काय बरोबर आहे, कोठे चुकले, पुढे काय करावे, या तीन गोष्टी त्यात याव्यात आणि तो आठवड्याच्या आत पोहोचावा. महिन्याने आलेले उत्तर कितीही विद्वत्तापूर्ण असले तरी तोवर प्रश्नच विसरलेला असतो. यासाठी एका शिक्षकाकडे किती विद्यार्थी असावेत याची मर्यादा संस्थेने ठरविली पाहिजे. जितक्यांचे आवाज ऐकता येतील तितकेच विद्यार्थी घ्यावेत.

प्रश्नांना उत्तर देण्याच्या चार रीती अंगुत्तरनिकायात दिल्या आहेत : सरळ उत्तर, विभाग करून उत्तर, उलट प्रश्न विचारून उत्तर आणि प्रश्न बाजूला ठेवणे. लेखी व्यवहारात शिक्षकाची प्रवृत्ती सर्वच प्रश्नांना सरळ उत्तर देण्याकडे असते. व्याकरणाच्या शंकेवर तिसरी रीत अधिक गुणकारी ठरते. ‘हे कोणते रूप?’ असे विचारणाऱ्यास ‘यासारखे रूप तुम्ही पंचशीलात कोठे पाहिले?’ असे विचारावे. उत्तर त्याला स्वतःलाच सापडते आणि मग ते विसरत नाही.

विहार हेच अध्ययनकेंद्र

येथवर सांगितलेले सर्व उपाय एकेका विद्यार्थ्यासाठी आहेत. परंतु चंकी सुत्तातील ‘समीप बसणे’ ही पायरी त्यांनी पूर्ण होत नाही. सामूहिक वंदना संगणकीय बैठकीत करून पाहिलेल्यांना तिची अडचण ठाऊक आहे. प्रत्येकाचा आवाज थोड्याफार विलंबाने पोहोचतो, अनेक आवाज एकदम आले की यंत्र त्यांतील काही दाबून टाकते, आणि स्वर जुळत नाहीत. एकसुरात म्हणणे एकाच ठिकाणी बसूनच शक्य आहे.

यासाठी नवी इमारत बांधावयास नको. गावोगावी विहार आहेत. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात तेथे बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे सामुदायिक वाचन करण्याची प्रथा आपल्याकडे रुजलेली आहे. या तीन महिन्यांनाच पालीच्या प्राथमिक अभ्यासक्रमाची चौकट मानावी. ऊसतोडणीसाठी स्थलांतर करणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. वर्षावासात ती बहुधा गावीच असतात. ज्यांचे शिक्षण दरवर्षी मध्येच तुटते त्यांच्यासाठी ही गोष्ट फार मोलाची आहे. आठवड्यातून एकदा पाच-सात विद्यार्थ्यांनी विहारात जमावे, एका भ्रमणध्वनीवर शिक्षकाचा पाठ सर्वांनी मिळून ऐकावा, छापील पुस्तिकेवरून एकमेकांचे पाठांतर तपासावे आणि न सुटलेल्या शंका एकत्रितपणे शिक्षकाकडे पाठवाव्यात. ज्यांच्याकडे स्वतंत्र साधन नाही असे विद्यार्थी, विशेषतः स्त्रिया, यामुळे अभ्यासाबाहेर राहत नाहीत. पुढच्या वर्षी याच गटातील एकाने नव्या विद्यार्थ्यांचा पहिला पाठ घ्यावा. संक्षेपाने सांगितलेल्या वचनाचा विस्ताराने अर्थ उलगडून दाखविणाऱ्यांत अग्र म्हणून भगवंतांनी ज्यांचा गौरव केला ते महाकच्चान अवंतीत राहून हेच कार्य करीत होते. प्रत्येक दूरच्या गावी एक लहानसा महाकच्चान तयार होणे, हे दूरशिक्षणाचे खरे फलित मानावे लागेल.

परीक्षेविषयी एकच सूचना करून हा लेख पुरा करतो. लेखी परीक्षेबरोबर मौखिक परीक्षा अनिवार्य असावी, आणि ती दूरध्वनीवरून घेतली तरी चालेल. विद्यार्थ्याने आपल्या आवडीचे एक लहान सुत्त म्हणावे, त्याचा अर्थ आपल्या बोलीत सांगावा व परीक्षकाच्या दोन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. अवंतीहून आलेल्या सोणाची परीक्षा याहून निराळी झाली नव्हती. ज्या समाजातील मुलांचा आवाज शतकानुशतके वर्गात ऐकला गेला नाही, त्या समाजाच्या शिक्षणसंस्थांनी तरी आपल्या विद्यार्थ्याला म्हणू द्यावे आणि तो म्हणत असता शेवटपर्यंत कान द्यावा, एवढीच आमची अपेक्षा आहे. येत्या वर्षावासापूर्वी आपल्या विहारात असा एक गट सुरू करता येईल काय, याचा विचार वाचकांनी अवश्य करावा.